मांजर कुठं निजतं?

सावळेरामभाऊ मांजराला हात लावत नसत. मांजर समोर आलं की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जायचे, एकमेकांत अडकायचे, आणि भाऊ जरासे वाकून त्याच्याकडे बघत राहायचे. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी माणूस उभा राहतो तसे. आणि तरीही जुन्नर-आंबेगावच्या टापूत मांजराच्या पोटात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मला तर नव्हतंच, आणि मी जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन आले होते.

नव्वदीची सुरुवात होती. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शिनोलीच्या पुढं, जनावरांच्या एका छोट्या दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली. भाऊ तिथे व्रणोपचारक. एवढ्या भारदस्त शब्दाचा अर्थ इतकाच, की बैलाचा पाय धरायचा, जखम धुवायची, पट्टी बांधायची, औषध पाजायचं. ड्रेसर या शब्दाचं गावात 'डेसर' झालं होतं, तेच त्यांना म्हणत. पन्नाशीला आलेला, काटकुळा, टोपीच्या कडेला पेन्सिल खोचलेला माणूस. नवीन डॉक्टर बाई आहे हे बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मी सुया उकळायला स्टो पेटवायचा म्हणून काडेपेटी शोधत होते. कपाटाच्या खालच्या खणात चांगल्या वीस-पंचवीस पेट्या रांगेत लावलेल्या. एक उघडणार तोच दारातून भाऊ म्हणाले, "ती नका उघडू बाई, ती ष्ट्यांडवरच्या बोक्याची हाय."

मला वाटलं, बोका पाळलाय आणि त्याचं काही सामान ठेवलंय. ते खरंच बोक्याचं होतं, पण सामान नव्हतं. प्रत्येक पेटीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी डकवलेली: 'पांढरी, चुलीपाशी.' 'तांबडी, कणगीवर.' 'बोका, ष्ट्यांड, बाकाखाली.' मांजर कुठं निजतं ते लिहायचं, हाच त्यांचा पत्ता. आत राख आणि राखेत विष्ठा. माझ्या हातातला चहा मी खिडकीत ठेवला आणि त्या टेबलावर पुन्हा कधी प्यायले नाही.

मांजर ह्या दवाखान्यात कुणी आणत नसे. म्हैस आजारी पडली तर घर बसतं, मांजर आजारी पडलं तर दुसरं येतं, असा साधा हिशेब. त्यामुळे भाऊ स्वतःच मागणी करत फिरायचे. वासराला टोचायला एखाद्या घरी गेलो की काम झाल्यावर घरातल्या बाईला विचारायचे, "तुमचं मांजर कुठं निजतं?" मग खातं काय, उंदीर धरतं का, मागच्या वेळी कधी व्यालं. पुरुषमाणसांना ते कधीच विचारत नसत. बायका आधी हसायच्या, मग सांगायला लागायच्या, आणि मग थांबता थांबत नसत. निघताना भाऊ खिशातून रिकामी काडेपेटी काढून ओट्यावर ठेवायचे. दोन दिवसांनी ती भरून यायची.

दवाखान्यात पितळेची जुनी एकडोळी दुर्बीण होती. वीज असली काय नसली काय, तिच्याखालचा आरसा उन्हाकडे वळवला की काम चालायचं. विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत काठोकाठ भरायची आणि वर काचेचा पातळ तुकडा ठेवायचा. जंतांची अंडी हलकी, ती तरंगत वर येतात आणि काचेला चिकटतात. किती वेळ ठेवायचं? भाऊ म्हणायचे, चहा उकळंपर्यंत. जंतांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. लांब, गोल, पांढरे, ते 'शेवया'. आतड्याला चिकटून रक्त पिणारे बारीक, ते 'आकडे'. आणि चपटे, तुकड्यातुकड्यांचे, ती 'फीत'. मला लॅटिन नावं पाठ होती. पण दुर्बिणीत आकड्याचं अंडं मला त्यांनी दाखवलं तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहत होते. परीक्षेत मात्र मी त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

एकदा आम्ही मंचरच्या एसटी स्टँडवर उभे होतो. गाडी लागली, मी चढले, भाऊ गायब. खाली बघते तर उपाहारगृहाच्या मागे एक मांजरी माती उकरत बसलेली, आणि भाऊ दहा पावलांवर, हात पाठीमागे, अगदी अदबीनं वाट बघत. कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरले. पुढची गाडी यायला दीड तास लागला. भाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट काडेपेटी खिशात टाकताना म्हणाले की स्टँडवरच्या मांजरांच्या पोटात तिन्ही जाती असतात, घरच्यांच्या पोटात एखादी-दुसरी, आणि हे असं का, याचा विचार दीड तासात बरा होतो.

हे वेड आलं कुठून, ते मला अनुसयाकाकूंनी सांगितलं. अनुसयाकाकू म्हणजे भाऊंची बायको. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. मी येण्याच्या आधी काही वर्षांची गोष्ट. वाटेनं जाणाऱ्या धनगरांचा वाडा उतरला होता आणि भाऊंनी दिवसभर मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं होतं. बांबूची नळी तोंडात घालायची, ओतायचं, पुढची मेंढी. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी धुवायला घरी आणली तर तळाशी घोटभर औषध उरलेलं. काकूंची मांजर, चिमणी, पायात घोटाळत होती. पोट चांगलं टमटमीत. भाऊ म्हणाले, हिच्या पोटात जंत झालेत, आणि जाता जाता तिला ते पाजलं. तिच्या तोंडाला फेस आला, मागचे पाय गेले. दुपारी तीनला चिमणी मेली.

भाऊंना ते खरं वाटेना. औषध जंताचं, मग जनावर मेलं कसं? पुरण्याआधी त्यांनी तिचं पोट उघडून बघितलं. जंत एकही नव्हता. तीन पिल्लं होती.

"मला म्हाईत व्हतं ना," काकू मला म्हणाल्या. "महिना झाला म्हाईत व्हतं. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मांजर मेलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्याकडे मानतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते भाऊंना सांगितलं, कुणी गमतीनं, कुणी खरंच. भाऊ खरंच हादरले होते. काकूंनी तो विषय एका वाक्यात मिटवला. सोन्याचं नको आणि काशी नको, म्हणाल्या, फक्त पुन्हा न विचारता, न बघता कुणाच्या तोंडात काही ओतू नका. त्या दिवसापासून भाऊ विचारत आणि बघत सुटले होते. पण ओतायचं काही त्यांच्यानं झालं नाही. बैलाला, शेळीला, कोंबडीला ते बेधडक औषध पाजत. मांजर म्हटलं की हात मागे. आणि काकूंनी घरात दुसरं मांजर आणलं नाही. दोघं एकमेकांशी नीट बोलत, हसत, पण चिमणीचं वाडगं चुलीशेजारी तसंच पालथं पडलेलं मी दर वेळी बघायची. हे कधी सुटायचं, असा प्रश्न मला पडायचा आणि मी तो विचारायला धजायची नाही.

भातकापणीच्या दिवसांत भाऊंनी मला उंदीर दाखवला. बांध खणताना मारलेला शेतातला उंदीर. ट्रेमध्ये ठेवून त्यांनी त्याचं काळीज, म्हणजे यकृत, बाहेर काढलं. त्यावर हरभऱ्याएवढा पांढरा फोड. सुईनं हलकेच फोडला, तर आतून घडी घातलेला एक पांढरा जंत उलगडत बाहेर आला, चांगला बोटभर. उंदराच्या काळजात हा असा घडी होऊन बसतो. मांजरानं उंदीर खाल्ला की मांजराच्या आतड्यात त्याची पुरी फीत होते. तिची अंडी विष्ठेतून दाण्यांवर पडतात, दाणे उंदीर खातो, की पुन्हा काळजात घडी. हे मी पुस्तकात वाचलं होतं. भाऊंनी कुठंच वाचलं नव्हतं, त्यांनी दोन हंगाम उंदीर कापले होते.

"बाई, एक सांगा," सुई पुसत ते म्हणाले. "ह्याला कसं कळत असंल, की ह्या उंदराला मांजरच खाईल? घुबडानं खाल्ला तर?"

मी म्हटलं, घुबडानं खाल्ला तर तो वाया जातो. भाऊंनी ट्रे उजेडाकडे सरकवला. मग म्हणाले, लई वाट बघतंय बिचारं. जंताला बिचारं म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आणि मग भामाबाईचा तांदूळ आला. भामाबाई वरच्या अंगाच्या एका वाडीतली विधवा बाई, दोन खाचरं भाताची. तिची लेक सुमन त्याच वर्षी शिनोलीला सोनाबाईच्या घरात दिलेली. दिवाळीनंतर भामाबाईनं लेकीच्या घरी नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. तीन आठवडे झाले असतील, सोनाबाई सुपात तांदूळ निवडत होती आणि तिला एक दाणा चालताना दिसला. आखडायचा, लांब व्हायचा, सरकायचा. मग दुसरा. सोनाबाईनं ते दोन दाणे काडेपेटीत घातले, पोत्याचं तोंड शिवलं आणि सुमनला पोत्यासकट माहेरी धाडलं. तुझ्या आईच्या घरात कसली घाण आहे ती आधी काढा, मग नांदायला ये, असा निरोप.

भामाबाई ती काडेपेटी घेऊन आमच्याकडे आली. सोबत सुमन, डोळे सुजलेले. भामाबाईच्या कणगीवर तिची तांबडी मांजर निजायची, म्हणजे ही तिचीच करणी असं घरात ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दीर तिला पोत्यात घालून डिंभ्याच्या धरणापलीकडे सोडून येणार होता. भामाबाईचं म्हणणं एवढंच होतं की तांबडी गेली तर उंदीर बियाण्यासकट कणगी खातील, आणि तांबडी राहिली तर लेक माहेरीच राहील. दोन्हीतलं काय करू ते सांगा, असं तिनं भाऊंना विचारलं. मला नाही.

पेटीतले दाणे वाळून तिळासारखे झाले होते. भाऊंनी एकावर पाण्याचा थेंब टाकला, काचेखाली दाबला, आरसा उन्हाकडे केला. फितीचा सुटा तुकडा. आत अंड्यांच्या पिशव्याच पिशव्या. उंदराच्या फितीचा नव्हे, ही दुसरी जात, ही मांजराच्या अंगावरच्या पिसवांतून येते. पिसवांचं मी सांगितलं, पुस्तकातलं. माझ्या हातून त्या प्रकरणात झालेलं काम तेवढंच. मांजराचं आहे हे नक्की झालं आणि सुमन पुन्हा रडायला लागली.

भाऊ दुर्बिणीवरून उठले. मग त्यांनी सुमनला विचारलं, दाणा चालत होता हे तू स्वतः पाहिलंस? पाहिला होता. पोतं शिनोलीला येऊन किती दिवस झाले होते? तीन आठवडे. त्यांनी भामाबाईला सांगितलं की दिराला म्हणावं दोन दिवस थांब.

त्या संध्याकाळी भाऊ घोडेगावच्या स्टँडवर बोक्यासाठी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे त्याच जातीच्या फितीचे पाच-सहा ताजे तुकडे होते, जिवंत, वळवळणारे. भामाबाईच्याच पोत्यातला तांदूळ तीन बाटल्यांत भरून त्यांनी ते त्यात सोडले आणि कामं करता करता दर तासाला बघायला लागले. दुपारी तुकडे मंदावले. संध्याकाळी सुकून निपचित. दुसऱ्या सकाळी पाणी घातलं तरी हलेनात. मी म्हटलं, झालं की मग, स्पष्ट आहे. भाऊ म्हणाले, अजून एकदा, दुसऱ्या मांजराचं. मी वैतागले. बाहेर भामाबाईचा दीर पोतं खांद्यावर टाकून बसला होता.

"एकदाच बघून मी एकदा चुकलोय, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. फितीचा तुकडा कोरड्या तांदळात एक दिवस धड जगत नाही. तो तीन आठवडे चालत कुठून राहणार? म्हणजे चालणारा दाणा पडला तो शिनोलीत, सोनाबाईच्या घरात. भामाबाईच्या मांजरीचा त्यात पाय नव्हता. मला हे कधी एकदा सोनाबाईला ऐकवते असं झालं होतं. भाऊंनी मला वाटेत बजावलं की म्हशीचं बघायला आलोय, बाकी काही बोलायचं नाही.

सोनाबाईची म्हैस आम्ही तपासली. तिनं चहा केला. सासू म्हणून तिचा आब होता आणि डॉक्टरीण घरी आली म्हणून खुशीतही होती. चहा पिऊन झाल्यावर भाऊंनी कप खाली ठेवला आणि नेहमीसारखंच, इतर शंभर घरांत विचारत तसंच विचारलं, "काकू, तुमचं मांजर कुठं निजतं?"

"त्ये व्हय, त्ये त्या..." म्हणत सोनाबाईनं हात वर केला आणि तो तसाच राहिला. कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती. वरच्या पोत्याचं तोंड उघडं. त्यावर करडी मांजर गोल होऊन निजली होती, आणि निजल्या निजल्या मागच्या पायानं कानामागे खाजवत होती.

भाऊ जमिनीकडे बघत होते. सोनाबाईनं उठून पोत्याचं तोंड बांधलं, मांजर खाली उतरवलं, पदरानं पोतं झटकलं. बाई हुशार होती, तिला सगळं एका दमात कळलं असणार. माफीबिफी तिनं मागितली नाही. दारात उभ्या असलेल्या मुलाला तिनं सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊन सुमनला घेऊन ये, आणि पोतंही आण. मग भाऊंना म्हणाली, हिला काय औषध असेल ते पाजा आता.

भाऊंचे हात मागे गेले. "बाई देतील," ते म्हणाले.

"मांजराला भेता काय भाऊ?"

"व्हय," भाऊ म्हणाले. "भेतो."

सोनाबाई हसली. तिला ती थट्टा वाटली. पिसवांची पूड आणि गोळी मी दिली, आणि करडीनं माझ्या मनगटावर आपली सही केली.

नंतर माझी बदली जुन्नरला झाली. भाऊ निवृत्त होऊन अवसरी बुद्रुकला, आपल्या वाटणीच्या घरात राहायला गेले. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट, एके दिवशी दवाखान्यात फोन आला. भाऊंचा आवाज. पिलांना चालतं ते जंताचं पातळ औषध घेऊन याल का, विचारत होते. मी विचारलं, कुणाचं पिल्लू? तर सुमनचा नवरा करडीच्या वंशातलं पिल्लू काकूंना देऊन गेला होता. काकूंनी ठेवून घेतलं होतं. बस, एवढंच बोलले.

मी सकाळी पोचले तेव्हा चिमणीचं वाडगं सुलटं होतं आणि करड्या रंगाचं मूठभर पिल्लू त्यात तोंड घालून बसलं होतं. पोट टमटमीत. भाऊ थकले होते, पण टोपीला पेन्सिल तशीच. गावच्या हायस्कूलमध्ये काडेपेटी घेऊन जाऊन त्यांनी विज्ञानाच्या सरांची दुर्बीण मागून बघितलं होतं, दोनदा. शेवया. आईच्या दुधातूनच येतात त्या, मला समजावत होते. काकूंना विचारून झालं होतं, पिल्लू किती दिवसांचं, खातं काय, झोपतं कधी. आता फक्त पाजायचं होतं. मी बाटली उघडून पिल्लाला धरायला हात पुढे केला.

"तुमी राहू द्या, बाई," काकू म्हणाल्या.

त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे. मी बाटली आणि सुई काढलेली पिचकारी ओट्यावर ठेवली आणि बाजूला झाले. काकूंनी पिल्लू पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवलं. भाऊंनी वजन बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पिचकारीत औषध ओढलं, उजेडाकडे धरलं, थेंबभर परत सोडलं, तिसऱ्यांदा वजन बघितलं.

"पाजा आता," काकू म्हणाल्या. "इचारून बी झालंय तुमचं, बघून बी झालंय."

भाऊंनी डाव्या हातात पिल्लाचं डोकं धरलं. इतक्या वर्षांत त्यांचा हात मांजराला लागलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. पिल्लानं तोंड वेडंवाकडं केलं, अर्धा थेंब बाहेर थुंकला, बाकीचं गिळलं. मग ते जाऊन उन्हात बसलं. भाऊही त्याच्या शेजारी पायरीवर बसले. मला परतीची गाडी होती, ती मी सोडली. का सोडली हे काकूंनी विचारलं नाही, त्यांनी भाकरी टाकल्या. जेवायला बोलावलं तरी भाऊ उठले नाहीत. त्यांची नजर पिल्लाच्या तोंडावर आणि मागच्या पायांवर होती, मधूनच मनगटावरच्या घड्याळावर.

तीन वाजले. सव्वातीन. पिल्लू उठलं, चारही पाय लांब करून आळस दिला, वाडग्यापाशी जाऊन आलं आणि सरळ भाऊंच्या धोतरावर चढलं. भाऊंनी हात मागे नेले. मग एक हात हळूच पुढे आणला.

मी पिशवी उचलून निघाले. अंगणातून वळून पाहिलं तर भाऊ तसेच बसलेले, मान खाली. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, मांजर कुठं निजलंय?"

"हितं," भाऊ म्हणाले, ते जागं होऊ नये इतक्या हळू.